विकत घेतलेले अरण्य आणि उत्सर्गाची कल्पना

पैसे मोजून जमीन खरेदी करायची, पण तिच्यावर नांगर फिरवायचा नाही, घर बांधायचे नाही, तिच्यातले एक झाडही तोडायचे नाही, आणि बहुतेक खरेदीदारांनी तर ती जमीन आयुष्यात एकदाही पाहायची नाही, अशा व्यवहाराला धर्मशास्त्राच्या परिभाषेत काय म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. उष्ण कटिबंधातील वर्षावने, म्हणजे वर्षभर विपुल पाऊस असणाऱ्या प्रदेशातील दाट सदाहरित अरण्ये, वाचवण्यासाठी गेल्या काही दशकांत शाळाशाळांतील मुलांनी निधी जमवला आणि त्या निधीतून खरोखरच जंगले विकत घेतली गेली. या खटाटोपाकडे सहसा कौतुकाने पाहिले जाते आणि कौतुकातच विषय संपतो. मुलांनी चांगले काम केले एवढे म्हटले की पुढचा विचार करण्याची जबाबदारी टळते. वास्तविक स्वामित्व कशाने निर्माण होते, जे आपले नाही ते देता येते का, आणि ज्याला घेता येत नाही त्याला दिलेले दान ठरते का, हे भारतीय शास्त्रकारांनी फार बारकाईने चर्चिलेले प्रश्न या एका व्यवहारात एकवटले आहेत.

या प्रकारातील सर्वांत ठळक उदाहरण मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशात आहे. 1987 मध्ये स्वीडनमधील फागरविक येथील लहानशा प्राथमिक शाळेत एहा केर्न या शिक्षिका मुलांना वर्षावनांविषयी शिकवत होत्या, आणि कोस्टा रिकातील मोन्तेवेर्दे येथे संशोधन केलेल्या शॅरन किन्समन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञ विदुषींनी त्या वर्गाला तिथल्या अरण्याची ओळख करून दिली. अरण्य झपाट्याने तोडले जात आहे हे कळल्यावर रोलँड टिएनसू या नऊ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते वाचवण्यासाठी आपल्याला काय करता येईल असे विचारले, आणि त्या चर्चेतून पैसे जमवून जंगलच विकत घ्यावे असा बेत ठरला. मुलांनी जमवलेल्या पहिल्या रकमेत सुमारे सहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकर, जमीन आली. पुढे केर्न यांच्या पुढाकाराने स्वीडनमध्ये ‘बार्नेन्स रेगनस्कूग’, म्हणजे मुलांचे वर्षावन, या नावाची संस्था उभी राहिली, इतर देशांतील शाळा तिला येऊन मिळाल्या, आणि एकूण 44 देशांतील मुलांचा हातभार लागून ‘बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस’, मुलांचे चिरंतन अरण्य, आकाराला आले. 1986 मध्ये स्थापन झालेली मोन्तेवेर्दे संवर्धन संघटना या अरण्याची कायदेशीर मालक असून त्याचे क्षेत्र आज 22,000 हेक्टरांहून अधिक, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहून जास्त आहे. कोस्टा रिकातील ते सर्वांत मोठे खासगी संरक्षित क्षेत्र मानले जाते. 1991 मध्ये केर्न आणि टिएनसू या दोघांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

मोन्तेवेर्देची भूमी या विचाराला अगदीच परकी नव्हती. 1948 मध्ये कोस्टा रिकाने आपले सैन्य बरखास्त केले, आणि अमेरिकेत सक्तीच्या लष्करी नोंदणीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले काही क्वेकर व त्यांची कुटुंबे 1951 मध्ये अलाबामा राज्यातून येथे येऊन स्थायिक झाली. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश असतो आणि म्हणून कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलणे पाप आहे, ही त्याची श्रद्धा. या कुटुंबांनी दुभत्या गुरांसाठी कुरणे केली, त्यासाठी जंगलही तोडले, पण डोंगरमाथ्यावरील झऱ्यांच्या उगमाचे सुमारे 550 हेक्टर रान तसेच राखले. अहिंसेच्या व्रतापेक्षा पाणी आटेल ही व्यावहारिक भीती त्यामागे अधिक होती, हे मान्य केले तरी जमीन मालकीची असूनही न वापरता ठेवता येते, हा वस्तुपाठ तेथे मुलांच्या आधी 36 वर्षे गिरवला गेला होता.

आसपासच्या प्रदेशातील रीत मात्र नेमकी उलटी होती. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात मध्य अमेरिकेतील वसाहतदाराला जमिनीवरचा कब्जा सिद्ध करायचा तर झाडे तोडून दाखवावी लागत. उभे जंगल म्हणजे बेवारस जमीन आणि तोडलेले जंगल म्हणजे जमिनीची ‘सुधारणा’ असा हिशेब होता. 1940 च्या दशकात कोस्टा रिकाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली होता आणि 1980 च्या दशकात तो जेमतेम पाव भागावर आला, यामागे गोमांसाच्या निर्यातीबरोबर या हिशेबाचाही मोठा वाटा होता. या रीतीमागे एक तत्त्वज्ञान उभे आहे. सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत जॉन लॉक याने असे मांडले की निसर्गातील वस्तू मुळात सर्वांची असते, परंतु माणूस तिच्यात आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. जो नांगरतो, पेरतो, पीक काढतो, त्याची ती जमीन. अमेरिकेतील न कसलेली राने हे त्याच्या दृष्टीने पडीक संपत्तीचे उदाहरण होते. मुलांच्या खरेदीने या सिद्धांताचे टोकच उलटे धरले, कारण येथे श्रम जमिनीत मिसळले गेले नाहीत. स्वीडनमधील वर्गात मुलांच्या हातांनी झालेले श्रम पैशाच्या रूपाने आले, आणि ते आले ते जमिनीत कोणाचेही श्रम यापुढे मिसळू नयेत एवढ्यासाठीच. लॉकच्या चौकटीत अशा मालकीला जागा सापडत नाही.

भारतीय परंपरेत ती जागा शोधायची तर मीमांसेकडे वळावे लागते. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा, विशेषतः यज्ञविधींचा, अर्थ तर्काने ठरवणारे शास्त्र. जैमिनींची सूत्रे हा त्याचा पाया आणि शबरस्वामींचे भाष्य हे त्यावरील सर्वांत जुने उपलब्ध विवरण. विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान आहे, आणि जैमिनींच्या सहाव्या अध्यायात असा प्रश्न उपस्थित केला आहे की सर्वस्वात नेमके काय काय येते. आईवडील, मुले हीसुद्धा ‘आपली’ म्हटली जातात, मग ती देता येतील का? उत्तर नकारार्थी आहे, कारण ‘आपले’ असणे आणि आपल्या मालकीचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यापाठोपाठ येणारा प्रश्न प्रस्तुत विषयाच्या मर्मावर बोट ठेवतो: सार्वभौम राजाने हा यज्ञ केला तर त्याला पृथ्वी देता येईल का? तेही उत्तर नाही असेच आहे, आणि दिलेले कारण असे की पृथ्वीशी सर्वांचा संबंध सारखाच आहे. शबरस्वामी स्पष्ट करतात की शेतांचे मालक दिसतात, संपूर्ण पृथ्वीचा मालक कोठे दिसत नाही. राजाला रक्षणाचा आणि त्याबद्दल उत्पन्नाचा भाग घेण्याचा अधिकार आहे, भूमीचे स्वामित्व नाही.

हा केवळ यज्ञमंडपातला वाद राहिला नाही. मूळच्या पैठणच्या आणि पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात लिहिलेल्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हाच मुद्दा घेऊन असे प्रतिपादिले की गाव आणि शेत यांचे स्वामित्व त्या त्या भूस्वामीचे असते आणि राजाचा अधिकार कर घेण्यापुरता असतो. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत या ग्रंथाला प्रमाण मानले जात असे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. शेत आणि पृथ्वी यांतील हा भेद मुलांच्या अरण्याला लावून पाहिला की एक गोष्ट लगेच सुटते. मुलांनी विकत घेतले ते क्षेत्र, म्हणजे ज्याला मालक होता, हद्द होती आणि किंमत होती असा जमिनीचा तुकडा. तेव्हा त्यांची मालकी शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यांना वाचवायचे होते ते त्या तुकड्याहून मोठे काही होते, आणि पेच नेमका तिथे आहे.

आता दानाचा प्रश्न. धर्मशास्त्राने दानाची जी व्याख्या केली आहे तिच्यानुसार दात्याचे स्वामित्व संपले पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वामित्व निर्माण झाले पाहिजे. घेणाऱ्याने स्वीकार केला नाही तर दान पुरे होत नाही. क्वेट्झल पक्षी, अंजिराच्या जातीची झाडे, शेवाळ आणि ढग स्वीकार करू शकत नाहीत, म्हणून अरण्याला ‘दान’ देता येत नाही. परंतु शास्त्रकारांनी दानाच्या शेजारी आणखी एक वर्ग कल्पिला आहे, तो उत्सर्गाचा. तळे, विहीर, बाग अशा गोष्टी लोकांसाठी करून त्यांवरील आपला हक्क विधिपूर्वक सोडून देणे म्हणजे उत्सर्ग. येथे विशिष्ट घेणारा नसतो, त्याग सर्व भूतमात्रांच्या उपयोगासाठी असतो. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त दाखवून दिले आहे की दान दिल्यावर दात्याला त्या वस्तूचा उपभोग घेता येत नाही, पण उत्सर्ग करणारा सर्वांपैकी एक म्हणून तळ्याचे पाणी पिऊ शकतो असे बहुतेक ग्रंथकारांचे मत आहे, जरी काहींनी तेही टाळावे असे म्हटले असले तरी. मोन्तेवेर्देला कधी काळी गेलेला स्वीडनचा एखादा देणगीदार इतरांसारखेच प्रवेशशुल्क भरून पायवाटेने हिंडला, तर तो हाच न्याय झाला.

भूतमात्र या पदाचा पैस किती, हे अरण्यात शिरल्यावरच कळते. क्वेट्झल हा हिरव्या-सोनेरी पिसांचा, नराला हातभर लांब शेपटीची पिसे असलेला पक्षी कुजू लागलेल्या झाडाच्या खोडात ढोली कोरून घरटे करतो. लाकूड व्यापाऱ्याच्या लेखी असल्या खोडाला कवडीची किंमत नसते, किंबहुना जमीन ‘साफ’ करणारा पहिला हात त्यालाच घालतो. रानटी अव्होकॅडोच्या जातीची फळे हा पक्षी अख्खी गिळतो, गर पचवतो आणि मोठी बी मूळ झाडापासून दूर कोठेतरी ओकून टाकतो, तिथे नवे झाड उगवते. फळे संपली की तो डोंगरउतारावर खाली जातो. नराच्या चोचीच्या मुळाशी तीन लोंबते पडदे असलेला घंटापक्षी तर याहून पुढे जातो: वीण डोंगरावर, त्यानंतरचे महिने पायथ्याच्या रानांत. म्हणजे माथ्यावरचे जंगल राखले आणि उताराचे तुटले तर त्याच्यासाठी काहीच राखले गेले नाही. उत्सर्गाचे जुने विधी तळ्याविहिरींसाठी, माणसाने निर्माण केलेल्या वस्तूंसाठी रचलेले आहेत आणि अरण्य कोणी केलेले नाही, हा आक्षेप येथे येऊ शकतो. पण कर्ता कोण यापेक्षा हक्क कोणाचा आणि तो कोणासाठी सोडला यावर उत्सर्ग ठरतो, म्हणून तो आक्षेप टिकण्यासारखा नाही.

अधिक अवघड आक्षेप दात्यांच्या वयाचा आहे. नारदस्मृतीने सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाला बाल मानून व्यवहाराच्या, म्हणजे देणेघेणे व करारमदार यांच्या, बाहेर ठेवले आहे, आणि आजचा कायदाही वय बदलून तेच सांगतो. मग नऊ वर्षांच्या मुलाने केलेल्या त्यागाला त्याग म्हणावे का, की त्यामागे उभ्या असलेल्या मोठ्यांनी मुलांच्या निरागसतेचा निधीसाठी केलेला उपयोग म्हणावे? संशयाला जागा आहेच. दूरच्या अरण्यासाठी पैसे जमवणे सोपे असते. स्वीडनची स्वतःची सूचिपर्णी वने बहुतांशी सरसकट तोडीच्या पद्धतीने कापून पुन्हा लावली जातात, आणि त्या धंद्यावर देशाचा मोठा व्यापार चालतो, ही गोष्ट फागरविकच्या कथेत सहसा येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास याने 1979 च्या आपल्या ग्रंथात जबाबदारीचे मूळ रूप म्हणून तान्ह्या मुलाकडे बोट दाखवले होते, कारण त्याचे नुसते असणेच मोठ्यांवर कर्तव्य लादते. या व्यवहारात ज्याच्याविषयी जबाबदारी असायची त्यानेच ती उचलली, हे कौतुकास्पद तर आहेच, पण मोठ्यांना लाजवणारेही आहे.

तरीही वयाचा आक्षेप व्यवहाराला बाधत नाही, आणि याचे कारण भारतीय कायद्यातील एका विलक्षण कल्पनेच्या आधारे नीट समजते. भारतीय न्यायालयांनी देवमूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानले आहे. देव मालमत्ता धारण करतो, फिर्याद करतो, त्याच्यावर फिर्याद होऊ शकते, पण तो कायमचा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, समजला जातो, म्हणून त्याच्या वतीने पालकाने कारभार पाहायचा असतो. सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावाशी ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे लिहून पालनकर्त्याचे नाव घालतात, तसाच काहीसा हा प्रकार. सह्याद्रीतील देवराया, म्हणजे ग्रामदैवताच्या नावाने राखलेली आणि कुऱ्हाड न लावलेली राने, याच समजुतीवर शतकानुशतके टिकल्या. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांची शास्त्रीय पाहणी केली तेव्हा आसपासचे डोंगर उघडे पडलेले असताना या रानांत जुने वृक्ष आणि दुर्मीळ वनस्पती शिल्लक असल्याचे त्यांना आढळले. मालकाला बोलता येत नाही, म्हणूनच त्याचे रान विकता येत नाही, ही या व्यवस्थेची ताकद. मोन्तेवेर्देतही मालकी संघटनेची आहे, मुले नावापुरती आहेत. बोलू न शकणाऱ्या धन्याचा कारभारी ही दोन्हीकडची रचना एकच आहे, आणि दोन्हीकडचा धोकाही एकच. देवळाचा जीर्णोद्धार काढायचा, सिमेंटचा सभामंडप बांधायचा आणि त्यासाठी देवराईतलीच झाडे विकायची, हा प्रकार महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडला आहे, आणि तो देवाच्या नावानेच घडला आहे.

पालक प्रामाणिक असला तरी पृथ्वी आणि शेत यांतील भेद मिटत नाही. मोन्तेवेर्देच्या माथ्यावरील सोनेरी भेक हा झगझगीत नारिंगी रंगाचा बेडूकवर्गीय प्राणी जगात अन्यत्र कोठेही नव्हता. 1987 मध्ये, म्हणजे फागरविकची मुले निधी गोळा करू लागली त्याच वर्षी, विणीच्या डबक्यांवर दीड हजारांहून अधिक भेक संशोधकांनी मोजले. 1989 मध्ये एकच दिसला, त्यानंतर एकही नाही, आणि 2004 मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याचे वसतिस्थान आधीपासूनच संरक्षित होते, तेथे कोणी झाड तोडले नव्हते. कातडीवर वाढणारी एक बुरशी आणि असामान्य कोरडा हंगाम ही कारणे सांगितली जातात. या अरण्याला मेघवन म्हणतात, कारण झाडांना पावसाखेरीज अंगाला लागून जाणाऱ्या ढगांतूनही पाणी मिळते; हे ढग कॅरिबियन समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर सखल प्रदेश ओलांडून येतात, आणि तो सखल प्रदेश उजाड झाला की ढग तयार होण्यावर परिणाम होतो, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. ढगाचे खरेदीखत होत नाही. जैमिनींनी यज्ञाच्या संदर्भात जी मर्यादा घातली ती येथे शब्दशः लागू पडते: क्षेत्र घेता येते आणि सोडताही येते, पण ज्याच्या आधाराने ते क्षेत्र जिवंत राहते ते कोणाच्याच सर्वस्वात मोडत नाही.

म्हणून या खरेदीला पूर्ण उत्सर्ग म्हणता येत नाही, तो सुरू झालेला उत्सर्ग आहे, असा निर्णय द्यावा लागतो. तळ्याचा उत्सर्ग एका दिवसाच्या विधीत संपत असे. अरण्याचा रोज करावा लागतो, कारण जमीन एकदाच घ्यायची असली तरी शिकारी आणि लाकूडतोडे यांना अडवणाऱ्या वनरक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि त्यासाठी पाकीट पुढे करणारा दाता मिळणे जमिनीसाठी मिळण्यापेक्षा कठीण जाते. मोन्तेवेर्दे संघटनेने 1998 मध्ये एका जलविद्युत कंपनीशी 99 वर्षांचा करार केला. अरण्याच्या सुमारे 3,000 हेक्टर पाणलोटातून कंपनीच्या जनित्रांना पाणी मिळते, म्हणून कंपनी त्या क्षेत्राच्या रक्षणासाठी संघटनेला दरवर्षी मोबदला देते. त्यागाच्या पायावर उभ्या राहिलेल्या जंगलाचा खर्च शेवटी देवघेवीच्या करारातून भागवावा लागला, यात कमीपणा काही नाही. मात्र अशा कामासाठी वर्गात पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी एकराच्या किमतीबरोबर पहारेकऱ्याच्या पगाराचाही हिशेब फळ्यावर मांडावा, जमीन कोणाच्या नावावर चढणार आहे हे मुलांना विचारू द्यावे, आणि शाळेच्या गावात देवराई असेल तर दूरच्या अरण्याचे पैसे पाठवण्याआधी तिची हद्द मुलांना पायी फिरवून दाखवावी.